तिरपी पट्टी
आपण कोण, हे तुम्ही कधी लपवलंय? तापलेल्या स्टीलचा वास आला की मला केंब्रिजची आमची लॅब आठवते. लेझरनं मी स्टीलच्या एका पट्टीवर बारीक रेघांचं ‘जयभीम’ उमटवलं होतं. पट्टी तिरपी धरली, की रंग न लावताही अक्षरं निळी चमकायची. नागपूरहून आलेल्या बाबांना ती दाखवत होतो, तेवढ्यात भेटेल त्याला आडनाव विचारणारे आमचे मराठी सीनियर आले. “काय रे, काय लिहिलंस?” ज्यांच्याबरोबर लहानपणी चळवळीची पत्रकं वाटली, त्या बाबांसमोर मी पट्टी सरळ केली. अक्षरं दिसेनाशी झाली. “काही नाही सर, टेस्ट पॅटर्न.” बाबांनी माझं मनगट धरून पट्टी पुन्हा तिरपी केली. “वाचू दे की त्यांना.” पट्टी सरळ करणाऱ्या माझ्या त्या मनगटाची मला अजून लाज वाटते. तुमच्यावर वेळ आली, तर बापाच्या हाताची वाट न पाहता पट्टी स्वतः तिरपी करा.