सात तुकड्यांची रेल्वे

ज्ञानेशराव विधात्यांनी सातपूरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं ड्रॉइंगं काढली, पण आपण काढलेलं यंत्र चालताना त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या वाट्याला यायचा तो एखादा दांडा, एखादं झाकण, फार तर दातेरी चाक. बाकीचं दुसरे कोणी काढत आणि सगळं जुळून काय तयार झालं ते पाहायला साहेब लोक पुण्याला जात. ज्ञानेशरावांना कोणी नेलं नाही. त्यांनीही तोंड उघडून कधी विचारलं नाही, घरी मात्र त्यावरून बायकोचं डोकं खाल्लं.

सत्त्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि ड्रॉइंग बोर्ड गच्चीवर गेले. पंचेचाळिशीच्या ज्ञानेशरावांना पोराच्या वयाच्या मास्तरासमोर बसून माउस धरायला शिकावं लागलं. पहिले पंधरा दिवस ते माउस धरायचे ते तो चावेल अशा बेताने. मग अशी काही गोडी लागली की पाच वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्यांनी घरी पहिली वस्तू आणली ती जुना कॉम्प्युटर.

इंदिरानगरात त्यांच्या गल्लीत एक डॉक्टर होते. त्यांच्या परदेशातल्या भावाने बोटभर रुंदीचे रूळ आणि खेळण्यातली वाटावी अशी इंजिनं पाठवली होती. खेळणं म्हटलेलं डॉक्टरांना खपत नसे. हौशी माणसं जमत जमत सहा झाली. अडचण एकच, अख्खी रेल्वे मांडायला जागा कोणाच्याच घरात नव्हती. तेव्हा ठरलं की रेल्वेचे तुकडे करायचे, ज्याने त्याने आपला तुकडा घरी बनवायचा आणि एखाद्या हॉलमध्ये सगळे जोडायचे. डॉक्टरांकडे रूळमार्ग आखायच्या सॉफ्टवेअरची सीडी होती. ती ज्ञानेशरावांच्या हातात पडली आणि त्यांचं जेवणाखाण्यातलं लक्ष उडालं.

पडद्यावर रुळाचा तुकडा उचलायचा, फिरवायचा, दुसऱ्याला लावायचा. टोकं जुळली नाहीत की तिथे लाल वर्तुळ उमटायचं. तीन महिने ते त्या लाल वर्तुळांशी भांडले. शेवटी मार्ग पूर्ण झाला. चार कोपरे, मागच्या बाजूला सरळ लांब तुकडा आणि समोर कसाऱ्याच्या घाटासारखा नागमोडी तुकडा. या घाटाचं डावं टोक उजव्यापेक्षा हातभर पुढे यायचं. तेवढा फरक भरून काढायला डाव्या बाजूला एक आखूड सरळ तुकडा घातला.

तो आखूड तुकडा प्रतिभाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मागून घेतला. त्यांचं माहेर मखमलाबादचं, फुलं पिकवणारं. त्यांनी लाकडाचा भुसा रंगवून रुळाच्या दोन्ही बाजूंना झेंडूचा मळा फुलवला.

"अगं, तो नुसता भरतीचा तुकडा आहे," ज्ञानेशराव म्हणाले.

"असू दे की. भरतीला काय फुलं वर्ज्य आहेत?"

घाटाचा तुकडा, म्हणजे फळीवर चिकटवायचा त्याचा पूर्ण मापाचा कागद, सहांपैकी मंगळूभाऊंकडे गेला. मंगळूभाऊ पेठकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन. हातोडा खांद्यावर टाकून घाटातला रूळ रोज पायांनी तपासण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी कोळसा आणि मुरूम चाळून असा डोंगर उभा केला की बघणाऱ्याने गप्पच व्हावं.

दोन हजार चारच्या जानेवारीत एका शाळेने हॉल दिला. प्रदर्शन दुपारी चारला होतं, बोर्डावर नाव होतं 'आराखडा : ज्ञानेश विधाते', आणि त्यांनी जुन्या ऑफिसातल्या सगळ्यांना झाडून बोलावलं होतं. आपण काढलेलं काहीतरी चालताना एकदा बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इतकी मोठी होती, की त्या सकाळी त्यांना चहासुद्धा गेला नाही.

नऊ वाजता जोडणी सुरू झाली. सहा सांधे चपखल बसले. सातवा बसेना. थोडाथोडका नव्हे, चांगला दोन हातांचा फरक! ज्ञानेशरावांनी घाटाकडे पाहिलं. त्याचं उजवं टोक पुढे आलं होतं. घाट आरशात पाहावा तसा उलटा झाला होता, आणि तुकडा गर्रकन फिरवून ठेवला तरी तो उलटाच राहत होता.

"मंगळूभाऊ, कागद उलटा चिकटवलात तुम्ही!" ते सगळ्यांदेखत ओरडले. "वाटोळं केलंत!"

मंगळूभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, जिकडं तुमी लिवलं व्हतं ती बाजू वर ठिवली. लिवलेलं खाली कोन घालील?"

तेव्हा ज्ञानेशरावांच्या लक्षात आलं. कारखान्यात रीत अशी होती, की ट्रेसिंगच्या कागदावर पुढून शाईने रेषा आणि मागून पेन्सिलीने टिपणं, म्हणजे खोडाखोड केली तरी शाई बिघडत नाही. सॉफ्टवेअरची प्रिंट त्यांनी सवयीने तशाच कागदावर गिरवली होती आणि 'इथे बोगदा', 'इथे पाय' हे सगळं मागच्या बाजूला लिहिलं होतं. कागद पारदर्शक, रेषा दोन्हीकडून दिसणार. ज्याने कारखाना पाहिला नाही त्याने अक्षरं असलेली बाजूच सुलटी मानायची. चूक शंभर टक्के त्यांची होती, आणि ती त्यांनी दुसऱ्याच्या माथी मारली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तसेच घरी गेले. कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला. पडद्यावरचा घाट त्यांनी निवडला आणि उलटा केला. सातव्या सांध्यावर लाल वर्तुळ आलं. त्यांनी दोन्ही बाजू मोजून पाहिल्या. घाट उलटला, म्हणजे फरक आता डाव्या बाजूला उरलाच नव्हता, तो उजवीकडे गेला होता. मग त्यांनी झेंडूचा तुकडा डावीकडून काढला आणि उजवीकडे नेऊन लावला. लाल वर्तुळ गेलं.

नवा आराखडा छापून ते धावतच हॉलमध्ये आले. "प्रतिभा, तुझा मळा उचल," ते म्हणाले, आणि अर्ध्या तासात सातवा सांधा बसला.

मग ते मंगळूभाऊंपुढे उभे राहिले. "भाऊ, चूक माझी होती. मी उगाच तुमच्यावर ओरडलो. आधी अख्खा आराखडा तुम्हाला दाखवला असता, तर घाट उलटा बसतोय हे तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत." त्यांनी आराखड्याचा खालचा कोपरा पुढे केला. तिथे दोन चौकोन होते, 'काढणार' आणि 'तपासणार'. पहिल्यात त्यांची सही होती. दुसरा कोरा होता. त्यांनी पेन पुढे धरलं.

मंगळूभाऊंनी पेन घेतलं नाही. "तपासल्याबिगर सही करू व्हय? गाडी सोडा आधी."

डॉक्टरांनी बटण फिरवलं. इंजिन हललं, मागोमाग चार डबे. मंगळूभाऊ कमरेत वाकून गाडीबरोबर चालू लागले, एकेका सांध्याशी कान नेत, बोटाने रूळ चाचपत. त्यांच्या मागे ज्ञानेशराव निघाले. गाडी घाट उतरली, झेंडूतून गेली, मागच्या सरळ रुळावर पळाली आणि सुटली होती तिथे परत आली. ज्ञानेशरावांना समोरचं नीट दिसेना. बावन्नाव्या वर्षी ते सगळ्यांसमोर रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

"भाऊ, आता करा सही."

"आजून एक चक्कर," मंगळूभाऊ म्हणाले आणि पुन्हा वाकून चालू लागले.