लाटण्याच्या मुठीचं पिस्तूल

दामूअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सुपात पिस्तूल निवडत बसले होते. बायका तांदूळ निवडतात तसं मांडीवर सूप, कानांना दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि सुपात पंधरा-वीस लोखंडी तुकडे. मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि वळकटी छातीशी धरून जागा विचारायला त्यांच्या ओसरीवर चढलो होतो. अण्णांनी वर न बघता डावा हात उचलला. "थांबा तिथंच! पाय हलवू नका. स्प्रिंग उडालीय." मी एक पाय पायरीवर, एक ओसरीवर असा पाव तास उभा राहिलो. शेवटी माई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आतून आल्या, माझ्या वळकटीच्या घडीतून स्प्रिंग उचलली आणि अण्णांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "ही घ्या. आता त्या माणसाला दुसरा पाय वर घेऊ द्या." ओसरीलगतची खोली मला त्याच दिवशी मिळाली.

गाव कोल्हारपासून दोन कोसांवर, प्रवरेच्या काठी. अण्णा पाटबंधारे खात्याचे पेन्शनर. उभी नोकरी भंडारदऱ्याला धरणाची दारं उघडण्या-मिटण्यात गेलेली. दारांचे ते अजस्र स्क्रू गंजायचे, अडायचे, आणि अण्णा तेल आणि चिंधी घेऊन त्यांच्या मागे लागायचे. तिथूनच त्यांनी एक वाक्य पेन्शनीबरोबर घरी आणलं होतं: "जरा घासलं की सुटतं." हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. माझ्या वर्गातला एखादा मुलगा भागाकारात अडला, जरा घासलं की सुटतं. माईंचे गुडघे धरले, जरा घासलं की सुटतं. इंग्रज सरकार देश सोडून जात नाही म्हणून चावडीवर लोक तावातावाने बोलत असले, तरी अण्णा तंबाखू मळत शांतपणे म्हणायचे, "जरा घासा, सुटेल." आणि पुढे ते खरंच सुटलं, तेव्हा अण्णांनी गावाकडे असं पाहिलं, की जणू तेलाची बुधली त्यांच्याच हातात होती.

पिस्तूल त्यांना धरणावरच्या साहेबाने दिलं होतं. युद्ध संपलं, साहेब लोक विलायतेला जायच्या तयारीला लागले, तेव्हा त्याने आपलं वापरून जुनं झालेलं पिस्तूल रीतसर परवान्यासकट अण्णांच्या हवाली केलं. अण्णांना ते देताना साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. माईंचं म्हणणं, ते पाणी सुटकेचं होतं. कारण त्या पिस्तुलाचा चाप इतका जड होता, की साहेबानेही तो कधी ओढून दाखवला नव्हता.

आता अण्णांनी ते ट्रंकेत ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आमच्या गावात दसऱ्याला एक मान होता. देवीची पालखी वेशीबाहेर आपट्याच्या झाडाशी टेकली, की हवेत एक बार काढायचा आणि मगच लोकांनी सोनं लुटायचं. हा बार पिढ्यान् पिढ्या पाटलांच्या ठासणीच्या बंदुकीचा. अण्णांनी चावडीवर सांगितलं, "ह्या वर्षी बार साहेबाच्या पिस्तुलाचा." रंगराव पाटील म्हणजे पैलवानी अंगाचा, मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी लगेच होकार दिला.

पहिल्या साली अण्णांनी एका हाताने चाप ओढला, मग दोन्ही हातांनी ओढला, मग आपट्याला पाठ टेकून ओढला. लोक झाडावर झेपावायच्या पवित्र्यात उभे राहून राहून अवघडले. शेवटी पाटीलच "लुटा रं!" म्हणून ओरडले. सोनं लुटून झालं, पालखी परत वेशीत शिरली, आणि मग मागे एकट्या उरलेल्या अण्णांच्या हातात बार झाला. दुसऱ्या साली तोही झाला नाही. पाटील म्हणाले, "अण्णा, तुमचं पिस्तूल लई सोवळं हाय. मान्सं बघितली की बोलतच न्हाई." सगळं गाव हसलं. मग त्यांनी जरा गंभीर होऊन सांगितलं, "आनखी एक साल बघू. न्हाई वाजलं तर आमची ठासनीची हायेच." हे सगळं मी येण्याआधीचं. मी आलो ते तिसऱ्या दसऱ्याच्या चार महिने आधी, आणि अण्णा सूप घेऊन बसले होते ते याचसाठी. धरणाची दारं उघडणारा माणूस गावादेखत एका चापापुढे हरला होता. त्यांना रात्रीची झोप नव्हती आणि दिवसा त्यांच्यामुळे आम्हाला उसंत नव्हती.

ते चार महिने आठवले की मला अजून एकट्याला हसू फुटतं. घरात कुठल्या वस्तूचं काय होईल याचा नेम उरला नव्हता. रांगोळीची पूड पिस्तूल घासायला गेली. माईंच्या डोक्याचं खोबरेल पिस्तुलाच्या पोटात गेलं. एकदा वरणभात खाताना माझ्या दाताखाली काहीतरी कटकन वाजलं. मी खडा समजून बाहेर काढला, तर अण्णा पानावरून उडी मारून उठले. "मास्तर, गिळू नका! तीन दिवस ती खीळ शोधतोय!" माई म्हणाल्या, "बघा, आज वरणाला लोखंडाची चव लागत होती ती उगाच नाही."

जुनी मूठ तडकली होती. नवी मूठ कशाची करावी याचा अण्णांनी आठ दिवस विचार केला, बाभूळ नको, सागवान नको, आणि एका सकाळी माईंचं शिसवी लाटणं नाहीसं झालं. दोन दिवसांनी ते पिस्तुलाला लागून परत आलं. काय सुरेख मूठ झाली होती! अण्णा ती हातात फिरवून फिरवून दाखवत होते आणि माई मागे बाटलीने पोळ्या लाटत होत्या. "अहो, लोकांच्या घरी बायकोच्या हातात लाटणं असतं," त्या मला म्हणाल्या, "इथं नवऱ्याच्या हातात आहे, आणि तेही भरलेलं." अण्णा लगेच म्हणाले, "भरलेलं नाही गं. घरात भरायचं नाही हा माझा नेम आहे." तो नेम त्यांनी खरोखरच पाळला.

चाप मात्र ते रोज घासत होते. आधी तो दोन बोटांनी ओढू लागला, मग एका बोटाने, मग करंगळीने. इथे थांबायला हरकत नव्हती. पण हात लागला की सुटतोय, हे सुख त्यांना इतकं गोड लागलं होतं, की ते रोज आणखी थोडं घासत गेले. भाद्रपदात एकदा घोडा चढवलेलं रिकामं पिस्तूल खुंटीला टांगलेलं होतं. माईंनी स्वयंपाकघराचं दार जरा जोरात लोटलं आणि खुंटीवर खट् असा आवाज झाला. चाप आपला आपण सुटला होता. अण्णा आनंदाने टाळ्या पिटू लागले. मी म्हटलं, "अण्णा, हे जरा जास्तच होतंय." ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही आपलं शुद्धलेखन तपासा." मीही हसलो आणि विषय सोडून दिला. तो सोडायला नको होता.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. पाटावर विळी, कोयता, माझी पट्टी आणि दौत, आणि मधोमध पिस्तूल मांडलेलं. अण्णांनी बजावलं होतं, "पिस्तुलाला पाणी नको, दूध नको, लांबूनच फूल वाहा." आणि ते अंघोळीला गेले. पण माईंच्या लेखी लांबून पूजा ही पूजाच नव्हे. वर्षभर ज्याच्यापायी नवऱ्याची बोटं शाबूत राहतील की नाही याची धास्ती घेतली, त्या हत्याराला त्या नुसतं फूल वाहणार होत्या होय! त्यांनी त्याला तूप लावलं, हळद लावली, कुंकू लावलं आणि ओंजळभर अक्षता टाकल्या. अण्णा ओल्या पंचाने बाहेर आले आणि कपाळावर हात मारून बसले. पण पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत हलवायचं नाही, उघडायचं तर नाहीच नाही. देवाच्या बाबतीत अण्णा माईंपेक्षा कडक. दुसऱ्या दिवशी पूजा उतरली तोवर पालखी निघाली होती. त्यांनी पिस्तूल वरवर पुसलं, फेटा बांधला आणि निघाले.

आपट्याखाली गाव लोटलं होतं. अण्णांनी काडतूस भरलं, घोडा चढवला, बोट चापावर ठेवलं. पालखी टेकायची होती, तेवढ्यात रंगराव पाटील पुढे आले. अण्णांचा घामेजलेला चेहरा बघून त्या भल्या माणसाला राहवलं नाही. "अण्णा, भ्यायचं न्हाई! या साली वाजतंय बगा!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी अण्णांना करकचून मिठी मारली. पिस्तूल दोघांच्या मध्ये सापडलं. मी दोन हातांवर होतो. नळी पाटलांच्या पोटात रुतलेली मला दिसली, अण्णांचं बोट चापावर पार दाबलं गेलेलं दिसलं.

काहीही झालं नाही. पाटलांनी मिठी सोडली आणि हसत बाजूला झाले. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी काडतूस बाहेर काढलं, पिस्तूल खाली केलं, आणि हवेत बार करून बघायचा प्रयत्नसुद्धा न करता म्हणाले, "नाही वाजत. पाटील, मान तुमचा." लोक खो खो हसले. पाटलांनी "लुटा रं!" केलं. अण्णा एकटेच घराकडे चालू लागले, म्हणून मी त्यांच्या मागे गेलो.

घरी त्यांनी सूप मागितलं. पिस्तूल उघडलं. चापाच्या मागच्या फटीत तुपाने चिकटून बसलेला एक तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला, चेपलेला, पण न फुटलेला. त्यानेच चाप अडवून धरला होता. अण्णा त्या दाण्याकडे बघत राहिले आणि मग पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. काय झालं ते माईंना सांगितलं तेव्हा त्या अण्णांजवळ येऊन बसल्या आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले. मला तिथून उठवेना आणि बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आपट्याच्या पानावर तो दाणा घेऊन पाटलांच्या वाड्यावर गेले. मला सोबत नेलं. त्यांनी काहीएक न लपवता सगळं सांगितलं. चाप किती घासला तेही, मास्तरांनी टोकलं होतं तेही. पाटलांनी सदऱ्याखाली हात घालून पोट चाचपलं. मग जे हसायला लागले ते फेटा सुटेपर्यंत हसत राहिले.

"म्हंजी अण्णा, आमी कालच ग्येल्तो म्हना की!"

"गेला होतात, पाटील. माझ्या हाताने गेला होतात."

"आन् माईंनी माघारी आनलं. व्हय का न्हाई?" पाटलांनी दाणा पानासकट उचलला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाले, "मान आमचा तर आमचा. पर आजपासनं आमची ठासनीचीबी माईंनीच पुजायची. त्येंनी पुजल्याबिगर बार न्हाई."

अण्णांनी परवाना आणि पिस्तूल मामलेदार कचेरीत जमा केलं. फक्त मूठ काढून ठेवून घेतली. लाटणं म्हणून ती तोकडी पडायची, तेव्हा माई तिने वेलदोडे कुटत. आणि पुढच्या दसऱ्याला पाटलांची बंदूक माईंच्या पाटावर आली. माईंनी ती मनोभावे पुजली. वरून तूप, नळीत पंचामृत, त्यावर मूठभर अक्षता. वेशीबाहेर पाटलांनी बंदूक आभाळाकडे रोखली, ठिणगी पडली, फुस्स झालं आणि तुपाचा खमंग वास सुटला. पाटील गंभीरपणे म्हणाले, "द्येवीची इच्छा," आणि मग "लुटा रं!" त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. माईंना कुणी काही सांगितलं नाही. अण्णा तेवढे मला कोपराने ढोसायचे.

माझी बदली श्रीगोंद्याला झाली तरी दसऱ्याला मी न चुकता येत असे. अण्णा थकत चालले होते. शेवटच्या भेटीत मी त्यांचे पाय चोळत सवयीने म्हटलं, "जरा घासलं की सुटतं, अण्णा." ते म्हणाले, "सुटतं हो मास्तर. पण सुटू न देणारं कुणीतरी घरात पाहिजे." आणि माईंकडे बघून मिश्कील हसले. त्याच उन्हाळ्यात ते गेले. माझं सख्खं माणूस गेलं असं मला वाटलं, अजून वाटतं.

त्या दसऱ्याला माई आतल्या खोलीत बसून होत्या. पाट मांडलेला नव्हता. दारात पाटील बंदूक घेऊन उभे राहिले. आता तेही काठी टेकत चालत होते. माई आतूनच म्हणाल्या, "पाटील, मी आता कुंकवाला हात कसा लावू? दुसऱ्या कुणाकडून पूजा करून घ्या." पाटील उंबऱ्याशी बसले. "कुक्कू राहू द्या, माई. तांदूळ तर हायेत न्हवं घरात? मी हितनं उठनार न्हाई." दोन घटका ते तसेच बसून राहिले. मग माई उठल्या. त्यांनी तूप आणलं, पंचामृत आणलं आणि नळीत मूठभर अक्षता सोडल्या. त्या वर्षी अक्षता पांढऱ्या होत्या.

वेशीबाहेर पालखी टेकली. पाटलांनी बंदूक वर केली, फुस्स झालं, तुपाचा वास सुटला. त्यांनी बंदूक खाली घेतली, सावकाश पोटावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि ओरडले, "लुटा रं!"