पलटणीत नसलेला धावजी

रूपसिंग राठोड आणि मी यवतमाळच्या कॉलेजात एकाच खोलीत राहायचो. मी मराठी साहित्य घेतलं होतं, त्यानं इतिहास. तो कमी बोलायचा. वडिलांबद्दल तर काहीच नाही. बासष्टच्या दिवाळीत त्याच्या तांड्यावर गेलो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

तांडा पांढरकवड्याजवळ, हैदराबादच्या सडकेला लागून. चीनशी लढाई सुरू होती. लष्कराचे ट्रक नागपूरकडे जात होते. रूपसिंगची आई हंसाबाई कापूस वेचणं अर्धवट टाकून सडकेवर येऊन उभी राहायची. प्रत्येक ट्रकमधले चेहरे पाहायची. दंडापर्यंत पांढरा चुडा, केसांत चांदीची घुगरी. नवरा असलेल्या बंजारा बाईचा सगळा साज.

"कोनाले पाहते?" मी रूपसिंगला विचारलं.

"बापाले. बेचाळीसले पलटणीत गेला. मी पोटात होतो. आता असला तं पन्नाशीचा असन. अन् हे पोट्ट्यायचे तोंडं पाहून राह्यली."

थोडं चालल्यावर तो म्हणाला, "लोक हासतात तिले. मेला म्हनून कोनी सांगतलं असतं तं रडून मोकळी झाली असती. जित्ता म्हनाव तं पत्ता नाही."

त्याला एवढंच हवं होतं. कोणीतरी काय ते सांगावं आणि आई सडकेवरून घरी यावी.

माझे बाबा बेचाळीसच्या त्याच महायुद्धातून परत आलेले. अर्ज कुठे करायचा ते त्यांना ठाऊक होतं. "नंबर काय त्याचा?" त्यांनी विचारलं. नंबर कोणालाच माहीत नव्हता. वडिलांचं नाव धावजी सोमला राठोड, गाव, तालुका, साल. एवढ्यावर अर्ज गेला.

उत्तर इंग्रजीत आलं. या गावचा धावजी नावाचा माणूस कोणत्याही तुकडीत नव्हता.

रूपसिंगनं पुन्हा लिहिलं. लढणाऱ्या पलटणीत नसेल तर सडका बांधणाऱ्या मजूर तुकड्यांत पाहा. आमची परीक्षा झाली, निकाल लागला, मग दुसरं उत्तर आलं. त्या गावातून एकच माणूस भरती झाला होता. खेमसिंग सोमला राठोड. चव्वेचाळीस साली मणिपुरात पुलाचं काम चालू असताना बॉम्ब पडून ठार. घरी त्याच वेळी कळवलं आहे.

खेमसिंग म्हणजे धावजीचा धाकटा भाऊ. तो आमच्यासमोर बाजेवर बसून विडी ओढत होता.

रूपसिंगनं कागदाचा अर्थ सांगितला. काका मोठ्यानं हसला.

"हे जुनंच हाय रे! तवाबी आलतं. पाटलानं वाचलं, खेमसिंग मेला. म्या म्हनलं, पाटील, मंग जराशी तमाखू द्या, मेलेल्याले नाही म्हनू नये! पुरा तांडा हासला. खोटी मौत आली तं उमर वाढते ना. भाभीनं घरोघरी गूळ वाटला."

"कोनत्या भाभीनं?"

"कोनत्या म्हंजे? तुह्या याडीनं, तुह्या मायनं. आखीन कोन हाय मले?"

रूपसिंग हसला नाही. "काका, तुमचं नाव पलटणीत गेलंच कसं?"

"भरतीवाला सायेब आलता. तांड्याच्या नायकासमोर म्या नाव देल्लं. मंग ताप भरला. नायकासमोरचा शब्द मोडता येते का? भाऊ म्हने, मी सायबाले सांगून येतो का हा बिमार हाय. गेला तो गेलाच. निरोप आला का त्यानंबी नाव लावलं."

"बापानं आपलं नाव नाही लावलं," रूपसिंग म्हणाला.

काका माझ्याकडे वळला. मग त्यानं मला विचारलं, "भीमराज, तू शिकलेला. असं होते का रे?"

मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि तसाच उभा राहिलो. तिकडे खेमसिंगचं नाव पुकारलं असेल. घराचा शब्द जाऊ नये म्हणून धावजी पुढे झाला असेल. इतकंच. आणि इकडे हंसाबाईनं गूळ वाटला होता.

तिला काकानंच सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"खेमसिंग मेला म्हंते कागद. खेमसिंग तं हा बसला. माह्या मानसाचा कागद कुठी हाय?"

"भाभी, थोच..."

"त्याचं नाव येऊ द्या. नावाबिगर मी चुडा उतरवत नाही."

दुसऱ्या दिवशी ती सडकेवर होती. लढाई केव्हाच संपली होती. ट्रक आता सागवानाचे होते.

नोंद दुरुस्त करायची तर जिवंत खेमसिंगचा अंगठा तहसीलदारासमोर हवा होता. भरतीच्या वेळचा ठसा लष्कराकडे होता. तो ताडून पाहणार होते. सरकारला फसवलं म्हणून बेड्या पडतील, असं तांड्यातल्यांनी काकाला सांगितलं. तरी तो आला. काखेत घोंगडी घेऊन.

"हे कायले?" रूपसिंगनं विचारलं.

"जेलात थंडी रायते म्हंतेत."

कारकुनानं शाई लावली. "अंगठा ढिला सोड."

"ढिलाच हाय सायेब. थो माहं नाव घिऊन मेला. मी निस्ता अंगठा घिऊन फिरून राह्यलो."

कारकुनाला काही कळलं नाही. त्यानं ठसा टिपला आणि जा म्हणून सांगितलं. घोंगडी परत आली.

मग बराच काळ काही आलं नाही. रूपसिंग झरी जामणीकडच्या एका शाळेत मास्तर झाला. पासष्टच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तांड्यावर असताना पोस्टमननं लखोटा आणून दिला. रूपसिंगनं उभ्यानंच वाचला आणि माझ्याकडे दिला. दोन ओळी होत्या. ठसे जुळत नाहीत, सबब मृत इसम खेमसिंग नव्हे. मृताची ओळख अज्ञात, अशी नोंद करण्यात आली आहे.

"आधी भावाचं नाव तरी होतं त्याले," रूपसिंग हळू म्हणाला. "म्या थेबी काढून घेतलं."

हंसाबाई हात पुसत बाहेर आली. मागून काकाही आला.

"नाव आलं?" तिनं विचारलं.

रूपसिंगनं माझ्या हातातून कागद घेतला.

"आलं, याडी."

तो खाली बसला आणि बंजाऱ्यांच्या गोर बोलीत वाचू लागला. धावजी सोमला राठोड. पुढचं मला सगळं कळलं नाही. नदी आली, पूल आला. कोणीतरी साहेब त्याचं काम पाहून खूश झाला होता, तेही आलं. ती मधेच थांबवून विचारायची.

"जेवला होता का?"

"जेवला होता. मंग कामावर गेला."

"एकटा होता?"

"नाही. संग मान्सं होते आपल्या इकडले."

काका जमिनीकडे पाहत होता. हंसाबाई रडू लागली, तरी ऐकत होती. रूपसिंगनं कागद उलटला आणि मागची कोरी बाजू वाचायला घेतली.