रांजणाच्या आंघोळीचा शनिवार

आज वार कोणता, ते तरी आठवते का तुम्हाला? शनिवार असेल आणि घरचा रांजण भरलेलाच असेल, तर हा गौरवग्रंथ बाजूला ठेवा, आधी तो पालथा करा, मग वाचायला बसा. ज्यांच्या साठीनिमित्त हे सगळे चालले आहे, त्या आमच्या आरोग्यसेविका सुनंदाबाईंना तेच आवडेल.

बाईंची माझी ओळख देवळीजवळच्या आमच्या गावात झाली, तीही भर चौकात. गावात भोंगा फिरला होता, "शनिवारी कोरडा दिवस पाळा!" दारूबंदीचा आमचा जिल्हा, सगळ्यांना वाटले, पुन्हा दारूचेच काही निघाले. मी बाईंना अडवले. "काऊन वो बाई, आपला पूरा जिल्हाच कोरडा, मंग ह्या शनिवारचं काय कौतुक?" बाया हसल्या. बाईही हसल्या आणि साठवणीच्या पाण्याची भांडी कोरडी करण्याचे समजावू लागल्या. पण ऐकायला थांबतो कोण? गडीमाणसांनी बाटल्या लपवल्या, रांजणाला कोणी हात लावला नाही.

त्याच पावसाळ्यात माझ्या नातीला, राणीला, डेंगू झाला. पोरगी डोळे उघडेना. बाईंनीच तिला ऑटोत घालून वर्ध्याच्या दवाखान्यात नेले, माझ्या सुनेजवळ बसून राहिल्या. ‘सांगितलं होतं ना’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. राणी बरी होऊन घरी आली, तेव्हा बाईंनी आमच्या रांजणातले पाणी ताटात ओतले. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"आजी, हेच मोठे झाले का डास होऊन उडते."

"अन् आमच्या राणीले चावते?"

"हो ना. दर हप्त्याले रांजण रिकामा कराचा, आतून घासाचा, उन्हात वाळवाचा."

"मंग असं सांगा ना, रांजणाले आंघोळ घाला म्हणून! कोरडा दिवस म्हणता, अन् माणसं बाटल्या लपवून राह्यले."

दुसरे कोणी रागावले असते. बाई पुढच्या शनिवारी गल्लीगल्लीत तेच ओरडत गेल्या, "रांजणाले आंघोळ घाला वो!" अंगणाअंगणात रांजण पालथे पडले, ते अजून दर शनिवारी पडतात. राणी आता माझे बोलणे लिहून घेते आणि मलाच शुद्ध बोलायला शिकवते.

बाई निवृत्त झाल्या, हाका काही निवृत्त झाल्या नाहीत. देव त्यांना भरपूर आयुष्य देवो आणि गुडघे धड ठेवो. गल्ल्या पुष्कळ आहेत. सत्काराला गुच्छ मात्र आणू नका. फुलदाणीत पाणी साचेल, आणि बाई भाषण सोडून तेच ओतत बसतील. त्यापेक्षा घरून कोथिंबीर भरलेल्या गरम सांबारवड्या पाठवा. तिखट बेताने घाला; बाईंना सोसत नाही, आणि त्या तसे कोणाला सांगायच्या नाहीत.