रुमालाखालची पाच मिनिटं

तिनं मला वर्षभर फसवलं आणि मी तिला चार महिने. तिचं सगळ्यांना ठाऊक आहे. माझं मी कुणालाच सांगितलेलं नाही — पोरीलाही नाही.

माझ्या बायकोनं, सुमननं, छातीतली गाठ लपवली. पोरीचं लग्न पार पडू दे म्हणून. कळलं तेव्हा आजार हाडांत गेला होता. वाशीच्या गुरांच्या बाजारात बैलाची चाल बघून खोड सांगणारा मी — मला घरातलं दिसू नये? पण राग कुणावर काढला? तिच्यावर.

दवाखान्यातल्या ताईंनी दोघांना सांगितलं, रोज सकाळी दहा मिनिटं हातात हात घेऊन बसा. डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या. मन पळालं की परत आणा. सुमनला ते लई आवडलं. तेवढा वेळ दुखणं लांब जाऊन बसतं, म्हणायची.

आणि मी? एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात मोबाईल — आवाज बंद करून बैलांचे फोटो बघायचो. ध्यान लागलं का, विचारायची. लागलं की, म्हणायचो.

एका सकाळी गारठा होता. तिनं आमच्या हातांवर माझा रुमाल टाकला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून सांगतात. मोबाईलवर एक देखणी खिलार जोडी आली आणि माझी बोटं आपोआप तिच्या बोटांवर चालू लागली. डोळे न उघडता तिनं माझी पाचही बोटं धरली.

"पाच मिनिटं द्या," म्हणाली. "पर खरी."

म्हणजे तिला सगळं कळत होतं! ही बोटांची भाषा नव्या संसारात मीच गंमत म्हणून शिकवली होती — मी विसरलो, ती नाही! काय आनंद झाला म्हणून सांगू! तोडीस तोड गिऱ्हाईक भेटलं! अंगात बाजार चढला, आणि मी — मी तिची दोनच बोटं धरली.

ती हसली. "बरं, दोन. तुमच्याशी कोण जिंकलंय?"

ती दोन मिनिटं मी खरी दिली. मोबाईल ठेवला, डोळे मिटले. तिचा श्वास ऐकू आला — एक, मग थांबून दुसरा. इतका जवळ! तरी दोन मिनिटं झाली की मी हात सोडायचो. रोज. ती होती तोवर.

गाठ लपवल्याचा जाब मी तिला शेवटपर्यंत विचारला. आता स्वतःला विचारतो — घासाघीस करून रोजची तीन मिनिटं वाचवलीस ना? कुठं आहेत ती? काढ बाहेर.