डावखुऱ्या झानेच्या झुंबराची दांडी

मुरानो या काचकारखान्यांच्या बेटावर झुंबर नटवायचं काम बायकांचं. लोखंडी सांगाड्यावर काचेच्या दांड्या बसवायच्या, आतून तार ओवायची, पानंफुलं अडकवायची. ओर्सोला चौदाव्या वर्षी त्या कामाला लागली, ती केस पिकले तरी तिथंच. नवराही तिथलाच, काच फुंकणारा वेत्तोर. घरी भांडण झालं तर ते कारखान्याच्या दाराशीच मिटवायचं, कारण रागावलेल्या हातानं काच अडकवत नाहीत.

एका हिवाळ्यात वेत्तोरला झटका आला नि उजवा हात लुळा पडला. वसंतात हात हलू लागला. पण भट्टीपुढच्या बाकावर पुन्हा बसायला मिळेल की तयार काच गवतात गुंडाळून बांधायच्या खोलीत पाठवतील, या धास्तीनं त्याची झोप उडाली. आजाऱ्याची सेवा करता येते, धास्तीची कशी करायची?

मालकीण फोस्काबाईंनी सरळच सांगितलं. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या झुंबराची दांडी फुटली होती. तिच्यासारखी नवी जमली, तर बाक त्याचा. ते झुंबर वेत्तोरच्या बापाच्या, झानेच्या हातचं. मेणबत्त्यांच्या काळात शिकलेला तो माणूस. वीज आली तशी तारेसाठी पोकळ दांड्या करू लागला.

वेत्तोर बसला. गोळा फुंकला, चिमट्यानं टोक धरून पीळ दिला, ओढून लांबवला, वाकवला. ओर्सोला दाराशी उभी. दांडी निववायच्या भट्टीत गेली. तिथं काच सावकाश निवते; घाई केली की तडकते. म्हणजे सकाळपर्यंत नुसतं झुरणं.

सकाळी ओर्सोलानं ती जुन्या दांडीशेजारी धरली. जुनीचा पीळ डावीकडं, हिचा उजवीकडं. सासरा डावखुरा, हे सगळ्या बेटाला ठाऊक; विसरला तो पोटचा पोरगा.

वेत्तोरनं टोपी उचलली नि तो बांधायच्या खोलीकडं निघाला.

फोस्काबाईंनी दांडी उजेडात फिरवली, नखानं वाजवली. "कुठं चाललास? हात थरथरला असता तर पीळ कुठं दाट, कुठं विरळ पडला असता. हा बघ, वेणी घातल्यासारखा आहे. हात शाबूत आहे तुझा. डोकं गेलंय, पण ते तर आधीपासूनच."

"मी लग्नापासून हेच सांगतेय, बाई," ओर्सोला म्हणाली. जीव भांड्यात पडल्यावर तिला हसू आवरेना.

दुसऱ्यांदा ती बाकाशेजारीच उभी राहिली. त्यानं चिमटा धरला, तशी म्हणाली, "डावीकडं."

"कळलं गं. सुनेला सासरा आठवतो, मीच तेवढा परका."

ही दांडी बरोबर उतरली. ओर्सोलानं ती सांगाड्यात बसवली, तार ओवली, दिवा लावून पाहिला. वेत्तोर बघायलासुद्धा आला नाही. भट्टी मंद आहे म्हणून तो पलीकडं कुणावर तरी खेकसत होता. ते खेकसणं कान भरून ऐकत तिनं पुढचं पान अडकवायला घेतलं.