पांढऱ्या जामाची गुटी

मामाचा फोन आला तेव्हा मी सरावलीला माझ्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "तुजी मामी गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि उरलेले कपडेही वाळत घातले... सहा आठवडे झाले, अजून मला धड रडू आलेलं नाही.

मामीच्या घिवलीच्या वाडीत पांढऱ्या जामाचं एकच जुनं झाड आहे. बाजारात मिळतात ते टपोरे, गुलाबी जाम वेगळे. हा लहान, हिरवट पांढरा, आतून कापसासारखा, गुलाबपाण्याच्या वासाचा. बोट लागलं तरी काळवंडतो, म्हणून बाजारात कधी गेला नाही आणि गावात सगळ्यांनी तो तोडून चिकू लावले. याला बी धरत नाही. फांदीची साल कड्यासारखी सोलायची, त्यावर ओलं शेवाळ ठेवून प्लॅस्टिक बांधायचं आणि मुळं फुटली की कापून लावायची, हीच गुटी. मामीच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने, या झाडाची गुटी आपल्या माहेरच्या शेजाऱ्यांच्या झाडावरून लांबवली होती. "चोरीचा हाय, म्हणून गोड," असं मामी पाहुण्यांना खुशाल सांगायची.

आता त्या झाडाचं खोड किडीने पोखरलंय. पुढचा पाऊस ते बघणार नाही, हे ओळखूनच मामीने आषाढात तीन गुट्या बांधल्या. त्यातली एक माझी. कधी नेऊ, कधी नेऊ, म्हणून मी मागे लागले. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! मुळं दिसल्याबिगर हात लावायचा नाय," ती म्हणाली. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला पंगत बसली असताना मी मागे जाऊन तिन्ही गुट्या कापल्या. तिचं काहीतरी घरी न्यायचं होतं मला, दुसरं कारण नाही. सरावलीत येऊन प्लॅस्टिक सोडलं, तर आत नुसतं ओलं शेवाळ. मुळाचा एक तंतू नाही. स्वतःचा राग यायला हवा होता, तोही आला नाही.

गेल्या रविवारी शेवाळ, सुतळी घेऊन घिवलीला गेले. मामाला खरं ते सांगितलं. कुठली फांदी धरू, विचारलं तर म्हणाला, "मला काय ठाव? ती वर चढायची, मी शिडी धरायचो." मग स्वतःच शिडी लावून, खालच्या पायरीवर पाय रोवून उभा राहिला. पाऊस थोडाच उरलाय, मुळं धरतील की नाही कोण जाणे. मी वर चढून साल सोलत होते. खालून, जमिनीकडेच बघत मामा म्हणाला, "सावकाश गो, शांता."

माझं नाव शांता नाही. मी "हो" म्हटलं आणि सुतळीची गाठ आवळली.